उंबरठ्यावर सिमेंट

आज सकाळी इथे इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या बाजारात भाजी आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. कोपऱ्यावरच्या त्या दुकानाच्या उंबरठ्यावर सिमेंट ओतलंय. काळ्या-पांढऱ्या बारीक फरश्यांत पहिल्या मालकाचं आडनाव जडवलेलं होतं, त्याच्यावर सिमेंट! अजून ओलं होतं, त्यात कुणाच्या तरी बुटाचा ठसा.

त्या दाराशी माझं नातं आहे. इथला माझा पहिला हिवाळा, लेक पाच महिन्यांची, बाबागाडी आणि आडवा पाऊस. ओळखीचं एक माणूस नाही. मी त्या दाराच्या खोबणीत शिरले. या जुन्या दुकानांचं दार रस्त्याला लागून नसतं, तीन-चार फूट आत असतं, दोन्ही बाजूंना काचा वळवून घेतलेल्या. मांडलेला माल जास्त दिसतो आणि गिऱ्हाईक नुसतं बघता बघता निम्मं आत येतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी वाटलं ते एवढंच, की ही आमची साताऱ्याची ओसरी. आतल्या आजी बाहेर आल्या, काही न विचारता एक स्टूल ठेवून गेल्या.

दुकानांची ही अख्खी ओळ व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. काचेवरचा कर १८४५ ला उठला, विटांवरचा १८५० ला, खिडक्यांवरचा १८५१ ला. मग साध्या वाण्यालाही माणसाएवढी काच परवडायला लागली. काचेखाली गुडघाभर उंचीच्या लाकडी फळ्या, दोन दुकानांच्या मध्ये भिंतीत रुतलेले खांब, त्यांच्या माथ्यावर नक्षीचे हस्त, म्हणजे पुढे आलेले ब्रॅकेट, आणि दोन हस्तांच्या मध्ये अरुंद पाटी. सगळं मापात. आता त्याच पाटीवर प्लास्टिकचा भला थोरला फलक ठोकलाय, शेजारच्या दुकानाचा अर्धा हस्त गिळून. डोळे नाहीत का कुणाला? दर्शनी भाग बदलायला इथे परवानगी लागते, मग ही कुणी दिली?

हो, लाकूड कुजतं, सारखं रंगवावं लागतं, आणि भाडं भरून दुकानदाराच्या हातात काय उरतं ते मलाही दिसतं. मान्य.

पण मान वर करून बघा. वरच्या मजल्यावर वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या आहेत, दगडी कंगोरा आहे, धुराड्यांची रांग आहे. इथल्या १८९६ च्या बरो मार्केटच्या, म्हणजे गावच्या छताखालच्या मंडईच्या, बाहेरच्या अंगालाही दुकानांची अशीच ओळ आहे, तिच्यापुढे मी अजून उभी राहते. त्या आजी दुकानाच्या वरच राहायच्या. स्टूल न्यायला आल्या तेव्हा बोट वर करून म्हणाल्या होत्या, वर आमचं घर.

दुपारी राहवलं नाही, परत गेले. भांडायच्या तयारीनेच गेले. दुकानातला मुलगा विशीतला. म्हणाला, चाकाच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकांना पायरी चढवत नाही, म्हणून उतार केलाय. माझा राग तिथेच निम्मा झाला. मीही तेव्हा बाबागाडी दोन्ही हातांनी उचलूनच त्या पायरीवर चढवली होती. पण उतार उचलून ठेवता येण्यासारखाही मिळतो रे, असं त्याला सांगितलं. खाली नाव आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मग दोघं वाकून बघत होतो. चौकटीलगत शेवटचं अक्षर अजून उघडं आहे.

यॉर्कशरमधल्या आपल्यापैकी कुणाकडे त्या दाराचा जुना फोटो असेल तर खाली टाका. उद्या त्याला नेऊन दाखवते.