मुंबई फक्त मेहनत विचारते?

'मुंबई जात विचारत नाही, भाषा विचारत नाही, फक्त मेहनत विचारते. इथे गरीब राहिला तो आळशी.' हा मजकूर महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. एकेक वाक्य घेऊ.

जात विचारत नाही? गिरण्यांत उघड विचारत होते. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, कमाई जास्त, आणि नेमका तिथेच दलितांना मज्जाव. कारण काय, तर धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) धाग्याची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ व्हायचा. दलितांच्या वाट्याला मग कमी मजुरीची खाती. भोंगा तोच, घामही तोच. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मज्जाव उठवण्याचा मुद्दा संपनेत्यांपुढे ठेवला, म्हणजे अडवणूक फक्त मालकांची नव्हती.

'जुन्या गोष्टी' म्हणाल. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७चा आहे. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. ('पूर्ण नाव काय?' हा प्रश्न आपल्याकडे उगाच विचारत नाहीत.)

भाषेचं म्हणाल तर दादरला चला. तिथल्या शाळांवरचा कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग यांचा अभ्यास २००६ साली आला. नव्वदीत इंग्रजी येणाऱ्यांची कमाई झपाट्याने वाढली, तरी कष्टकरी जातींतले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. बापाच्या, काकाच्या ओळखीने कामाला चिकटता येत होतं ना! मुलींना त्या ओळखीचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून त्या इंग्रजीकडे वळल्या. घर एक, मेहनतीची सवय एक, वाटा दोन. मराठी माध्यमाला मी नावं ठेवत नाही. पण पगार ठरवताना भाषा मोजली जाते, हे नाकारून कसं चालेल?

राहिला आळस. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आदल्या दिवसापर्यंत तीन पाळ्यांत राबणारी ही माणसं एका रात्रीत आळशी झाली का? त्यातल्या हजारोंना गिरणीत परतताच आलं नाही. पुढे जागेला सोन्याचा भाव आला, फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. जागेचा पैसा मालकांकडे गेला आणि कित्येक कामगारांना आपल्याच थकबाकीसाठी खेटे घालावे लागले.