होंग सांग-सू : सकाळी लिहायचं, दुपारी शूट करायचं

फेब्रुवारी २०२० आठवतोय? 'पॅरासाइट'ला चार ऑस्कर मिळाले आणि आपल्याकडेही जो तो कोरियन सिनेमावर बोलायला लागला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात आणखी एका कोरियन दिग्दर्शकाला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं सिल्व्हर बेअर मिळालं. सिनेमा होता 'द वुमन हू रॅन', दिग्दर्शक होंग सांग-सू. त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र तेव्हापासून या माणसाने धरून ठेवलंय.

जन्म १९६०चा, सोलचा. शिक्षण आधी तिथे, मग अमेरिकेत. पहिला सिनेमा १९९६ साली आला. तेव्हापासून आजवर तीसहून जास्त सिनेमे, म्हणजे सरासरी वर्षाला एकापेक्षा जास्तच. २०१७ साली तर तीन. हे ऐकलं की लोकांना वाटतं, मागे कुणीतरी मोठा निर्माता असणार. खरं कारण अगदी उलट आहे, आणि तेच मला सांगायचंय.

सुरुवातीच्या सिनेमांना त्याच्याकडे पूर्ण पटकथा असायची, इतरांसारखं युनिट असायचं. २००४ आणि २००५ असं लागोपाठ दोन वर्षं तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. इथून पुढे कुणीही मोठं बजेट, मोठे स्टार याच दिशेने गेलं असतं. होंग मात्र एकेक गोष्ट कमी करत गेला. स्वतःची निर्मितीसंस्था काढली. पूर्ण पटकथा बंद केली. शूटिंगच्या दिवशी सकाळी उठून तो त्या दिवसाचे संवाद लिहितो, नट ते पाठ करतात आणि शॉट लागतो. उत्स्फूर्त वाटतं, पण शब्द न् शब्द लिहिलेला असतो. कॅमेरा एका जागी. टेबलाशी दोन-तीन माणसं, सोजू या कोरियन दारूच्या हिरव्या बाटल्या, दहा-दहा मिनिटं कट नाही, मध्येच एक झूम. संकलन आणि संगीत स्वतः करायला लागला आणि २०२१च्या 'इंट्रोडक्शन'पासून कॅमेराही हातात घेतला. त्याच सिनेमाला बर्लिनमध्ये पटकथेचं सिल्व्हर बेअर मिळालं! किम मिन-ही, जी 'द हँडमेडन'सारख्या मोठ्या सिनेमाची नायिका होती, तिचं नाव आता त्याच्या सिनेमांत प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून येतं. (त्या दोघांच्या नात्यावरून कोरियात बरंच वादळ उठलं. त्यात मला शिरायचं नाही.)

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. होंगने अंथरूणच जाणूनबुजून लहान करून घेतलं, कारण ते त्याला कुणाकडून मागून आणायचं नव्हतं. मला यात फार मोठी हिंमत दिसते. माझ्या एका मित्राची उत्तम पटकथा सहा वर्षं कपाटात पडून आहे. निर्माता मिळाला की करू, हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता पोटात तुटतं.

होंगवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हा एकच सिनेमा पुन्हा पुन्हा काढतो. दारू पिणारे दिग्दर्शक, अवघडलेले पुरुष, रस्ताभर चालत गप्पा. आक्षेप घेणाऱ्यांनी 'राइट नाऊ, राँग देन' (२०१५) बघावा, ज्याला स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवात गोल्डन लेपर्ड हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. एक दिग्दर्शक चुकून एक दिवस आधीच सुवॉन शहरात येऊन पोचतो. जुन्या राजवाड्यात एक चित्रकार मुलगी केळ्याच्या स्वादाचं दूध पीत बसलेली असते. ओळख, कॉफी, तिचा स्टुडिओ, मग सुशी आणि सोजू. तासाभराने सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तोच दिवस, तीच माणसं, कॅमेरा जरासा सरकलेला. पहिल्या खेपेला तो तिच्या चित्राची गोडगोड स्तुती करतो, ती खुलते, आणि रात्री दुसऱ्यांच्या तोंडून कळतं की हा विवाहित आहे. दुसऱ्या खेपेला तो चित्राबद्दल जे वाटतं ते तोंडावर सांगतो. ती दुखावते, चिडते. पण मग आपलं लग्न झालंय हेही तो स्वतःच सांगतो, सांगताना रडतो. घटना जवळपास त्याच, पण माणसाच्या खरं बोलण्याने दिवसाचा रंग पालटतो. हे दाखवायला पुनरावृत्तीच लागते. आमच्या घरी कीर्तन ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तोच अभंग, तेच आख्यान, तरी दरवर्षी वेगळंच काहीतरी हाताला लागतं.

सगळेच सिनेमे सारखे उतरलेत असं मी म्हणणार नाही. काही फार विरळ आहेत, हाताला काही लागेपर्यंत संपतात. पण तो पुढच्या सिनेमासाठी मोकळा असतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

२०२३चा 'इन वॉटर' बघा. अवघा ६१ मिनिटांचा. एक तरुण नट शॉर्ट फिल्म करायला दोन सोबत्यांना घेऊन जेजू बेटावर आलाय, आणि काय करायचं ते त्याला सुचत नाहीये. मग किनाऱ्यावर कचरा वेचणारी एक बाई दिसते आणि त्याची गोष्ट सुरू होते. हा जवळजवळ सगळा सिनेमा आउट ऑफ फोकस आहे, मुद्दाम. चेहरे दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात, आवाज ऐकू येतात. पहिली दहा मिनिटं मी स्क्रीन पुसत होते. नंतर पुसायचं सोडलं. शेवटी तो मुलगा पाण्यात चालत जातो, कॅमेरा हलत नाही, आणि त्याच्या अंगाची कड नि समुद्राची कड यांतला फरक हळूहळू नाहीसा होतो.