वळलेल्या टोकाबद्दल, काकांना उत्तर

काका, नमस्कार. फ्लाय-फिशिंगच्या गाठींवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. हिप्परग्याच्या तलावावर चाळीस वर्षं गळ टाकताय, वडिलांनी शिकवलेली तीन वेढ्यांची गाठ कधी दगा देत नाही, मग माशी (म्हणजे फ्लाय, गळावर बांधलेली नकली माशी) बांधायला एक गाठ अन् दोरी जोडायला दुसरी ही नाटकं कशाला, असं तुमचं म्हणणं. शेवटी लिहिलंत, की मुलाने आणलेल्या बारीक तंगुसावर मोठी चिलापी लागली आणि तोडून गेली. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळून आलं, म्हणजे मालच हलका.

काका, माल हलका नव्हता. तंगूस तुटला असता तर टोक असं वळलं नसतं. वळलेलं टोक म्हणजे गाठ सरकली आणि दोरी वेढ्यांतून घसरत बाहेर आली.

तुमच्या वडिलांची गाठ खोटी नाही. नेढ्यातून ओवायचं, वेढे द्यायचे, शेपूट नेढ्याजवळच्या फासातून काढायचं, हीच क्लिंच नॉट. जाड तंगुसाला तीन वेढे पुरतात. पण माशीच्या टोकाला आपण ०.१५ मिलिमीटरचा धागा लावतो, तो तीन वेढ्यांत धरत नाही. पाच-सहा द्या, आणि फासातून काढलेलं शेपूट त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातूनही परत घ्या. आवळण्याआधी थुंकी लावाच. कोरडी गाठ ओढली की घासून नायलॉन तापतो आणि तिथेच कमजोर होतो. झटका नको, सावकाश ओढा. वेढे एकाशेजारी एक बसताना दिसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यावर चढला तर कापून पुन्हा बांधा. मी तर अंधार पडत आला असला तरी बांधतो.

फ्लायची मुख्य दोरी मात्र जाड, वरून प्लॅस्टिक चढवलेली. तिला क्लिंच मारली तर गठ्ठा होतो आणि काठीच्या कड्यांत अडकतो. नेल नॉटमध्ये पुढचा तंगूस तिच्याभोवती गुंडाळून आवळतात, तो त्या प्लॅस्टिकमध्ये रुतून धरतो.

एका बाबतीत तुमचा आक्षेप खरा. ब्लड नॉट, म्हणजे दोन दोऱ्या एकमेकींना जोडायची गाठ, कुठल्याही दोन दोऱ्यांना चालते, असं मी लेखात लिहिलं होतं. ते चूक. जाडी जवळपास सारखी असेल तरच ती नीट बसते. फरक जास्त असेल तिथे सर्जन्स नॉट : दोन्ही दोऱ्या एकत्र धरून फास करायचा आणि टोकं त्यातून दोनदा काढायची. लेखात दुरुस्ती केली आहे.

ते वळलेलं टोक फेकलं नसेल तर जपून ठेवा. रविवारी पहाटे मी हिप्परग्याला येतोय, मला बघायचंय.