लिहिला डी, वाजला सी

बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर डी हा पाश्चात्य सूर लिहिलेला असतो, वादक इमानेइतबारे डी वाजवतो आणि बाहेर पडतो सी. एफ हॉर्न लिहिल्यापेक्षा सात सेमिटोन (म्हणजे अर्धे सूर) खाली वाजतं, अल्टो सॅक्सोफोन नऊ आणि टेनर सॅक्सोफोन तब्बल चौदा. ही सगळी मंडळी एकाच स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलिपीत, नांदतात आणि आपण संगणकावर तिथे कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करायला जातो. धाडसच म्हणायचं.

नोटेशन सॉफ्टवेअरचं, म्हणजे स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरचं, मत ठाम असतं: वाजतो तो सूर खरा, कागदावरचा नुसता देखावा. अल्टोच्या ओळीतला सी उचलून क्लॅरिनेटच्या ओळीत टाका, उमटतो एफ. आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो, पण बिचाऱ्याने दोन्हीकडे ई फ्लॅटच वाजवलेला असतो. बोटांच्या सरावासाठी लिहिलेलाच सी हवा असेल, तर पेस्ट केल्यावर सगळं निवडून परफेक्ट फिफ्थने (सा ते प एवढ्या अंतराने) वर ट्रान्सपोझ करा, म्हणजे सरकवा. नुसते 'सात सेमिटोन' सांगाल तर शार्प-फ्लॅट कुठे कसे येतील याची हमी मी देणार नाही.

दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट करणार असाल, तर आधी तिथली की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण, लावून घ्या. स्वरांबरोबर ती सहसा येत नाही आणि मग प्रत्येक स्वराच्या डोक्याशी शार्प-फ्लॅटचं पीक येतं. त्यातून मूळ रचना बी मेजरमध्ये असेल तर मजाच. बासरीला पाच शार्प, अल्टोला हिशेबाने आठ. आठ शार्प लिहायचं धाडस सॉफ्टवेअरही करत नाही, ते गुपचूप त्याच सुरांच्या दुसऱ्या नावावर, चार फ्लॅटवर येतं. पेस्ट केलेले स्वर मात्र कधीकधी ए फ्लॅटऐवजी जुन्या थाटात जी शार्प म्हणूनच मिरवतात. म्युझस्कोअर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी, सुरांची नावं नीट लावून देणारं 'रिस्पेल पिचेस' आहे. ते वापरा आणि तरी एकदा डोळ्यांखालून घाला.

क्लॅरिनेटचा खालचा भाग बासरीला दिलात, तर वाद्याच्या आवाक्याबाहेरचे स्वर लाल होतात. क्लॅरिनेट मिडल सीच्या खालच्या डीपर्यंत उतरतं, बासरी साधारण मिडल सीलाच थांबते. तेवढा भाग कंट्रोल आणि वरच्या बाणाने सप्तकभर चढवायचा. कॉर्डची नावं साधा मजकूर म्हणून टाईप केली असतील, तर स्वर हलतात, नावं जागची हलत नाहीत. ती कॉर्ड सिम्बॉल म्हणूनच घालावीत.

फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची तर म्युझिकएक्सएमएल हा फाइलप्रकार बरा. त्यात लिहिलेला स्वर आणि किती सरकवायचा ते दोन्ही असतं. मिडी या दुसऱ्या फाइलप्रकाराला फक्त वाजलेलं कळतं.

पण खरा घातकी प्रकार म्हणजे 'कॉन्सर्ट पिच'चं बटण. कॉपी-पेस्ट करताना ते चालू ठेवणं शहाणपणाचं, सगळ्या ओळी वाजतात तशाच दिसतात. चालू राहिलं आणि पार्ट (प्रत्येक वादकाचे वेगळे कागद) छापले, की क्लॅरिनेटवाले अख्खी रचना एक टोन खाली वाजवतात. प्लेबॅकमध्ये ही चूक कितीही कान दिलात तरी सापडत नाही, कारण संगणक दोन्ही अवस्थांत बरोबरच वाजवतो. पकडायची ती डोळ्यांनी. बासरीला एक फ्लॅट असेल तर क्लॅरिनेटला एक शार्प आणि अल्टोला दोन दिसले पाहिजेत. तिघांनाही एकच फ्लॅट दिसला, तर प्रिंटर थांबवा.