हे पण नाही, ते पण नाही

मराठी टाइप करता यावं म्हणून लिनक्सवर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लेआउट लावला, एवढाच माझा गुन्हा. सुपर-स्पेस (सुपर म्हणजे विंडोज की) दाबलं की मराठी, परत दाबलं की इंग्रजी, दोन दिवस नुसतं कौतुक चाललं होतं. तिसऱ्या दिवशी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून सवयीने एलएस (फायलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर स्क्रीनवर उमटलं 'ते'. आणि खाली उत्तर, ते: कमांड नॉट फाउंड.

आता इनस्क्रिप्टमध्ये एल म्हणजे त आणि एस म्हणजे एकाराची मात्रा, त्यामुळे एलएसचं 'ते' होणारच, त्यात मशीनचं काही चुकलं नाही. पण सुपर-स्पेस कितीही बडवलं तरी 'ते' काही हलेना. (वरच्या पट्टीतला भाषेचा आयकॉन जागा खातो म्हणून मीच काढून टाकला होता, हुशारी.) म्हटलं लेआउट कमांडनेच बदलून इंग्रजी करू, सेटएक्सकेबीमॅप यूएस. पण ती टाइप कशाने करणार, त्याच कीबोर्डने ना! आधी काने-मात्रांचं एक गाठोडं उमटलं आणि शेवटी यूएसचं झालं 'हे'. म्हणजे मगाशी ते नाही, आता हे पण नाही.

मग जुन्या नोट्समधून तीच कमांड माउसने राइट क्लिक करकरून आणून चिकटवली. चालली! फक्त एक वॉर्निंग टाकली आणि फरक शून्य, कारण माझं डेस्कटॉप वेलँड या नव्या डिस्प्ले सिस्टिमवर आणि ही कमांड एक्स११ या जुन्या सिस्टिमच्या काळातली.

शेवटी लॉगआउट केलं. तर पासवर्ड चुकीचा. पाचदा टाकला, पाचदा चुकीचा, आणि सगळे नुसते ठिपके, दिसणार काय डोंबल. लॉगिन स्क्रीन आपल्या सेटिंगला विचारत नाही, सिस्टिमचा लेआउट घेते, आणि इन्स्टॉल करताना मी घाईत यूके निवडलेलं, त्यात शिफ्ट-२ वर पासवर्डमधला ॲट (@) नसतो, डबल कोट असतो. इतके दिवस ऑटोलॉगिन होतं म्हणून पत्ता लागला नाही. ॲट एंटरच्या शेजारी सापडला तेव्हा आत शिरलो.

सुपर-स्पेसचं कारण पण कळलं, आदल्याच रात्री मी तो शॉर्टकट एका लाँचरला (ॲप्स शोधून उघडणाऱ्या प्रोग्रॅमला) देऊन टाकला होता. तो काढला, आयकॉन परत आणला. आणि बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक एलियास (कमांडचं टोपणनाव) टाकला, आता 'ते' लिहिलं की फायलींची यादी येते.