पावणेचार गुंठ्यांचा गालिचा

ज्या फवारणी पंपासाठी मी भर दुपारी दिंडोरी रस्त्यावरची दुकाने पालथी घातली, तो पंप सध्या निफाड तालुक्यातल्या एका बंगल्यापुढे गुलाबाच्या कुंड्यांची सेवा करीत आहे आणि माझा संताप अजून पुरता ओसरलेला नाही.

हॉटेलांचे आणि मंगल कार्यालयांचे गालिचे धुऊन देण्याचा माझा व्यवसाय आहे. तुळशीचे लग्न लागले की नाशकातल्या साऱ्या सभागृहांना एकदम जाग येते आणि वर्षभर तुडवलेला गालिचा चार दिवसांत नवा करून द्या, असे फोन सुरू होतात. हे काम यंत्र करते असा लोकांचा समज असतो. वस्तुतः यंत्राची पाळी शेवटी येते. आधी धूळ ओढून घ्यायची, मग मळ सोडवणारे द्रावण साऱ्या गालिच्यावर एकसारखे फवारायचे, ते दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचे, ब्रशने चोळायचे आणि त्यानंतरच यंत्राने पाणी मारून ते मळासकट खेचून काढायचे. फवारा कमी-जास्त झाला तर गालिचा वाळल्यावर त्यावर पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांच्या रुंदीप्रमाणे आमच्या बिलाला कात्री लागते. म्हणजे दाबाचा फवारणी पंप हे या धंद्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे हत्यार. आणि ते घेण्यासाठी मला कृषी सेवा केंद्राची पायरी चढावी लागते, कारण गालिच्याच्या पंपाचे दुकान निदान मला तरी आजवर भेटलेले नाही.

दिवस ऑक्टोबर छाटणीचे होते. दुकानात द्राक्ष बागाईतदारांची दाटी होती आणि काउंटरमागचा तरुण दुकानदार एका हाताने बिले फाडत दुसऱ्या हाताने फोन धरून होता. त्याने मान वर न करता विचारले, "कोणत्या पिकासाठी, दादा?"

"गालिच्यासाठी," मी म्हणालो.

त्याने फोन खाली ठेवला. काउंटरच्या कडेला प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक पाय पोत्यावर टाकून बसलेले, पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बशीतला चहा तसाच धरून माझ्याकडे पाहू लागले. सारे दुकान त्यांना नाना म्हणत होते. त्यांना काही घ्यायचे आहे असे दिसत नव्हते. दुकानातल्या प्रत्येक खरेदीवर शेवटचा शब्द देणे हेच त्यांचे काम असावे.

"काय शोधू राहिले, साहेब? गालिच्यावर काय पडलं? डाऊनी का भुरी?"

"मळ पडला आहे."

"मळ म्हणजे बुरशीच की. रान किती आहे?"

मी सांगितले की रान नाही, हॉटेलचे सभागृह आहे आणि त्यातला गालिचा चार हजार चौरस फुटांचा आहे. नानांनी बशी खाली ठेवली, डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर काही मोजले आणि निकाल दिला, "पावणेचार गुंठे. तेबी पुरे भरत नाहीत." सारे दुकान हसले. खताचे पोते पाठीवर घेऊन निघालेला हमालसुद्धा दारात थांबून हसला. मी घरी जाऊन भागाकार करून पाहिला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा माणसाचा हिशेब चोख होता, याचे मला अधिकच वाईट वाटले. ज्या कामावर माझी चार माणसे रात्रभर राबतात, ते काम आयुष्यात प्रथमच गुंठ्यांत मोजले गेले आणि मोजताच नाहीसे झाले.

"एकरी पाणी किती सोडता?" नानांचा पुढचा प्रश्न.

चार हजार फुटांना चाळीस-पन्नास लीटर द्रावण लागते, असे मी सांगितले. पुन्हा पेरे मोजली गेली. "म्हणजे एकरी पाचशेच्या आसपास. आम्हीबी पानं वाढली की चारशे-पाचशेच मारतो." आवाजात प्रथमच थोडा आदर आला, आणि तेवढ्या आदरावर भाळून मी बोलू लागलो.

दुकानदाराने दरम्यान पाठीवरचा सोळा लीटरचा पंप समोर आणून ठेवला होता. हा पंप शेतात ठीक आहे, असे मी नानांना समजावले. भरला की पाठीवर सोळा किलोच्या वर ओझे होते, आणि टेबलाखालचा भाग फवारायला वाकले की झाकणातून गळणारे द्रावण आधी मानेवर आणि मग गालिच्यावर ठिबकते. मातीत दहा थेंब अधिक पडले तर मातीला त्याचे काही नसते. क्रीम रंगाच्या गालिच्यावर प्रत्येक थेंब वाळून स्वतःभोवती वर्तुळ काढतो. उलट दोन लीटरचा हातपंप इतक्या वेळा भरावा लागतो की अर्धे काम नळापाशीच होते. तेव्हा खांद्याला अडकवायचा आठ लीटरचा पंप हवा, नळी लांब हवी आणि खटका सोडताक्षणी धार तुटायला हवी.

"मंग त्यात काय एवढं? हवा भरायची नि मारायचं."

त्यात काय, हेच तर सांगण्याची मला हौस. आठ लीटरच्या टाकीत पाच लीटर द्रावण आणि तीन लीटर हवा ठेवून ३ बारपर्यंत दाब भरला, तर तीन लीटर द्रावण बाहेर पडेपर्यंत तीच हवा दुप्पट जागेत पसरते आणि बाहेरच्या हवेहून अधिक असलेला दाबच दाखवणाऱ्या काट्यावर जेमतेम १ बार उरतो. दाब उतरला की फवाऱ्याचा पंखा आक्रसतो आणि मधोमध जाड पट्टा पडू लागतो. म्हणून दाबमापक नसलेला पंप घेऊ नये, आणि हवा भरण्याचा आळस असलेला मुलगा कामावर ठेवू नये. नानांनी काट्यावर बोट ठेवले, स्वतः दट्ट्या मारून पाहिला आणि "खरं आहे" म्हणाले. मी फुललो.

मग नोझल. दुकानदाराने सवयीने पोकळ शंकूचे नोझल लावले होते, ज्यातून धुक्यासारखे बारीक थेंब निघतात. पानांच्या दाटीत शिरायला ते बरे; बंद, वातानुकूलित सभागृहात क्षारयुक्त द्रावणाचे ते धुके थेट फवारणाऱ्याच्या घशात जाते. येथे माझा विनोद मलाच आवरता घ्यावा लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माझे द्रावण तितके जहाल नाही, पण खोक्यावर मुखपट्टी लावलेल्या माणसाचे रंगीत चित्र छापायचे आणि दुकानात मागितली तर मुखपट्टी मेडिकलमध्ये मिळेल असे सांगायचे, ही रीत त्यानंतरही तशीच असेल तर त्यावर हसावे कसे? मी मागितली होती. मला मेडिकलचा रस्ता दाखवण्यात आला.

मला हवे होते सपाट पंख्याचे नोझल, ८००२ क्रमांकाचे. पहिले दोन आकडे फवाऱ्याचा कोन सांगतात, म्हणजे ८० अंश. उरलेले दोन प्रवाह सांगतात, जो ४० पीएसआय, म्हणजे सुमारे पावणेतीन बार, दाबाला मिनिटाला पाऊण लीटरच्या आसपास येतो. जगभर या मापाचा रंग पिवळा ठरलेला आहे. पिवळे नोझल ड्रॉवरच्या तळाशी सापडले. जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरून मी हातभर उंचीवरून एकदाच फवारा ओढला. कागदावर काळसर, सरळ, दोन्ही कडांना विरळ होत जाणारा पट्टा उमटला; खटका सोडल्यावर एकही थेंब पडला नाही. नाना गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि तो कागद त्यांनी वाचावा तसा पाहिला.

"पंप हे मुळात द्राक्षाचं हत्यार आहे, साहेब. तुम्ही ते भलतीकडे नेऊ राहिले."

हे वाक्य मला लागले, कारण ते खोटे नव्हते. फ्रान्सच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बागाईतदार त्यांवर मोरचूद आणि चुना फासत. त्याच वेली केवडा म्हणजे डाऊनी या बुरशीच्या रोगातून वाचल्या हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ मध्ये त्याने बोर्डो मिश्रण जाहीर केले. ते एकेका पानावर हाताने कोण फासणार? मग व्हिक्टर व्हर्मोरेलसारख्या कारखानदारांचे पाठीवरचे पंप द्राक्षमळ्यांत फिरू लागले. थोडक्यात, चोरांच्या भीतीतून औषध निघाले आणि त्या औषधामागे पंप आला. हा सारा इतिहास मला ठाऊक होता, पण तो नानांच्या बाजूचा असल्यामुळे मी गप्प राहिलो.

वायसरच्या प्रश्नावर मात्र आमचे एकमत झाले. साध्या नायट्रील रबराचे वायसर माझ्या रसायनांत फार दिवस टिकत नाहीत. तेलकट डागांसाठी मी वापरतो त्या संत्र्याच्या सालीच्या तेलात ईपीडीएम रबर फुगते. म्हणून मी व्हिटॉन या तेल सोसणाऱ्या रबराचे वायसर मागतो आणि जोरकस क्षारांसाठी ईपीडीएमचा वेगळा पंप ठेवतो. "बरोबर," नाना म्हणाले, "तणनाशकाचा पंप बागेत नेला की खेळ खलास. टू-फोर-डीचा नुसता वास लागला तरी वेल पानं वाकडी करतो." तणनाशकाचा वापरलेला पंप मला स्वस्तात देऊ करणारा एक सद्गृहस्थ मागे भेटला होता; त्याला नानांकडे पाठवायला हवे होते, असे मला त्या क्षणी वाटले. आम्ही जवळजवळ मित्र झालो होतो.

व्हिटॉनचे वायसर, दाबमापक, लांब नळी आणि पिवळे नोझल बसणारा असा आठ लीटरचा पंप दुकानात एकच होता. मी पैसे देण्यासाठी फोन काढला. तो उघडेपर्यंत नाना दुकानदाराला म्हणाले, "हा बांध मला. घरच्या मंडळींच्या गुलाबांना मिलीबग झालाय."

मी म्हणालो, "नाना, तुमच्याकडे तर ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे."

"सहाशे लीटरचा आहे. तो कुंडीवर चालवू का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने पंप खोक्यात घातला, पिवळे नोझल वर ठेवले आणि खातेवही उघडून नानांच्या नावापुढे रक्कम मांडली. उधारी! द्राक्षे निघतील, व्यापारी पैसे देईल, मग या पंपाचे पैसे येतील. आणि रोख घेऊन उभा असलेला मी "पुढच्या लॉटमध्ये नक्की, दादा" हे ऐकत उभा. "नानांना नाही कसं म्हणणार?" असे तो मला हळूच म्हणाला. मला नाही म्हणणे त्याला अजिबात जड गेले नव्हते. जाताना नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं काय अडतं, साहेब? पावणेचार गुंठे तर आहेत. झारीनं मारा."

मागाहून राग आवरून विचार केला तरी तक्रार उरतेच. शेतकऱ्याला सुटे भाग मिळतात, दुरुस्ती करणारा मिळतो, उधारी मिळते, आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. पण शहरात गालिचे, सोफे, पाण्याच्या टाक्या धुणारी जी माणसे रोज हीच अवजारे वापरतात, त्यांच्यासाठी कोणी एक फळीसुद्धा मांडत नाही. परदेशी पंप मागवावा तर त्याच्या एका वायसरसाठी महिनाभर वाट पाहावी लागते.

सभागृह अखेर सोळा लीटरच्या पंपानेच फवारले. हॉटेलच्या रखवालदाराने पाठीवरचा पंप पाहून मला पाहुण्यांच्या लिफ्टमधून जाऊ दिले नाही, आणि व्यवस्थापकाने डासांची फवारणी कालच झाल्याचे सांगून मला परत पाठवण्याचा मनापासून प्रयत्न केला. मान दोन दिवस भिजल्यासारखी वाटत होती.

पुढचा लॉट आल्याचा फोन आला तेव्हा मी तत्काळ गेलो. स्टुलावर एक वेगळे गृहस्थ बसलेले होते. त्यांनी "काय शोधू राहिले?" एवढे विचारताच मी दोन पंप उचलले, दाब, नोझल आणि वायसर यांविषयी अवाक्षर न काढता पैसे चुकते केले आणि बाहेर पडलो. पावतीवरच्या पिकाच्या रकान्यात दुकानदाराने न विचारता द्राक्ष असे लिहिले आहे, आणि बाग कोणाच्या नावावर आहे, असे आता माझा कर सल्लागार विचारतो आहे.