अभिनंदनाचे फ्लेक्स राहू द्या, बस कुठेय ते सांगा

आज पुण्यात बालाजीनगरला पुन्हा नवा फ्लेक्स. मेट्रो स्टेशन मंजूर करून आणल्याबद्दल भाऊंचे जाहीर आभार, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. थोडं पुढे गेलं की दुसऱ्या पक्षाचा, स्टेशन तेच, भाऊ वेगळे. आणि दोन्हींच्या मधल्या बसस्टॉपवर तोबा गर्दी. डोकंच फिरलं.

स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रोला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. साडेपाच किलोमीटर, 2,954 कोटी, आणि स्टेशनं फक्त तीन! एवढ्या दाट वस्तीखालून बोगदा न्यायचा आणि मधल्या लोकांनी तो नुसता पायाखाली आहे म्हणून खूश व्हायचं. ओरडा झाला तेव्हा बालाजीनगर आणि बिबवेवाडी वाढवली, त्याचे 680 कोटींच्या वर वेगळे. म्हणजे आधी वगळायचं, मग दिल्याचं श्रेय घ्यायचं.

आमचे बाबा मेट्रोचे फॅन आहेत हे आधीच सांगतो. पेन्शनच्या कामाला शिवाजीनगरला गेले की येताना मेट्रोनेच. शिवाजीनगरहून स्वारगेट दहा मिनिटांत, एसीत बसून. आणि मग स्वारगेटला बाहेर येऊन कात्रजच्या बसची वाट बघत उभे. एक गच्च भरलेली गाडी सोडायची, दुसरी न थांबताच जाते, गुडघे बोलायला लागले की रिक्षा, आणि रिक्षावाला मीटरचं नाव काढत नाही. मेट्रोने वाचवलेला वेळ आणि पैसा दोन्ही तिथेच खलास.

गंमत म्हणजे स्वारगेट-कात्रजचा हा सातारा रोड तोच आहे, जिथे 2006 साली देशातली पहिली बीआरटी सुरू झाली होती. बससाठी वेगळी लेन! ती नीट चालवली असती तर बाबा आज असे ताटकळले असते का? त्या लेनमध्ये आधी टू-व्हीलर घुसल्या, मग रिक्षा, मग सगळेच, आणि कुणालाच सोयरसुतक नव्हतं.

कारण सरळ आहे, बसला फीत कापता येत नाही. मेट्रोचा पैसा केंद्र देणार, राज्य देणार, बाकीचं परदेशी कर्ज, त्यामुळे व्यासपीठावर सगळ्यांना खुर्ची. पीएमपीचा, म्हणजे शहरातल्या बससेवेचा, तोटा मात्र पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी भरायचा, त्यात फोटो कुणाचा येणार? जी बस रोज दहा लाखांच्या आसपास माणसं वाहते तिचं किमान तिकीट 2025 मध्ये पाचाचं दहा झालं, तेव्हा एकाही भाऊंनी फ्लेक्स लावला नाही हो.

आणि फितीसाठी किती थांबायचं याला काही मर्यादा? सिव्हिल कोर्ट-स्वारगेट मार्ग तयार होता, पंतप्रधान 26 सप्टेंबर 2024 ला येणार होते, पावसाने दौरा रद्द झाला, तर गाडीही थांबली. शेवटी 29 ला ऑनलाइन उद्घाटन. बाबा तेव्हा रोज विचारायचे, "अरे, आज तरी सुरू झाली का?" लहान मुलासारखे. त्यांना राजकारणाशी काही घेणं नव्हतं, गाडीत बसायचं होतं.

बरं, पेठांच्या डोक्यावरून मेट्रो नेता आली नसती, तिथे भुयारच हवं होतं, हे मान्य. कात्रजलाही मेट्रो यावीच, बाबांना त्यातून फिरताना बघायचंय मला. पण ती येईपर्यंत आहे तोच सातारा रोड, त्यात वरून खोदकाम. त्या काळात जादा गाड्या कोण देणार? कुठल्या पैशातून? यावर दोन्ही फ्लेक्सवर एक ओळ नाही.

रविवारी सोसायटीत एक इच्छुक उमेदवार भेटायला येणारेत म्हणे. हार-नारळ जरूर द्या. आणि हात जोडून विचारा, कात्रज डेपोला नव्या गाड्या किती आणि कुठल्या महिन्यात? तोंडी नको, लेटरहेडवर. मी बाबांनाही घेऊन येतोय.